मागची पंगत

“तिला आदी वाढा गं. पावनी हाय ती दोन दिसाची.”

सैपाकघरातून जिजीचा आवाज आला, तेव्हा मी बाहेर सोप्यात पाटावर बसले होते. समोर स्टीलचं ताट होतं. घरात स्टीलची मोजकीच भांडी होती आणि ती फळीवरून पाहुण्यांसाठीच खाली येत. ताटाशेजारी काचेचा पेला, आणि पेल्याला टेकवून ठेवलेला चमचा. चमचा फक्त माझ्याच ताटाशी असे. नानांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, मला त्या दिवशी पाचगणीच्या शाळेतून आणलं होतं. पसरणीचा घाट उतरून वाई, मग सातारा स्टँडवर बशीतला चहा, कराडला दुसरी एस.टी. आणि शेवटी फाट्यापासून मळ्यापर्यंत बैलगाडी. केसांत धूळ, दातांखाली धूळ, आणि मनात दिवसभर एकच गोष्ट, की आपण घरी चाललो. वसतिगृहात सुट्टीआधी ट्रंका भरताना मुली ‘गोइंग होम’ असं गाण्यासारखं म्हणत. त्यांच्यात माझाही आवाज असे. आणि घरी पोचून, हातपाय धुऊन पाटावर बसते न बसते तोच कळलं, की मी पावनी आहे. सुट्टी सगळा उन्हाळाभर होती. जिजीच्या हिशेबी ती दोन दिवसांचीच होती.

माझे वडील लष्करात होते. त्यांची बदली कधी कुठे होईल याचा नेम नसे, आई त्यांच्याबरोबर फिरत असे, आणि माझं शिक्षण मोडू नये म्हणून मला लहानपणीच पाचगणीला ठेवलेलं होतं. वडिलांना रजा मिळाली तर ते दोघे गावी येत, नाहीतर सुट्टीत मी एकटीच. मळ्यातलं घर मंगलोरी कौलांचं, तिन्ही बाजूंनी ऊस, मागे विहीर आणि विहिरीवर दिवसभर पुकपुकणारं इंजिन. ते इंजिन बंद पडलं की घरातली माणसं दचकून बोलायची थांबत. घरात नाना, काकी, त्यांची मुलगी शालन, आणि जिजी.

जिजी माझ्या वडिलांची आत्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. भावाने तिला माहेरी आणलं ते कायमचं. पुढे वडील आणि नाना अगदी लहान असताना माझी आजी वारली, आणि तेव्हापासून ती दोन पोरं जिजीची झाली. मी पाहिली ती जिजी बारीक अंगाची, किंचित वाकलेली, कोपरापर्यंत हिरवं गोंदण, आणि जवळ गेलं की मिश्रीचा आणि चुलीच्या धुराचा वास. तिला घरातल्या प्रत्येकाची जीभ पाठ होती. नानांना भाकरी कडक, पापुद्रा सुटलेली. काकीला तव्यावरची शेवटची, कडेला करपलेली. वडील रजेवर आले की हिरव्या मिरच्यांचा खर्डा आणि साईसकट दही. वाटेकऱ्याचं धाकटं पोर तिखट खात नाही म्हणून त्याच्या तुकड्यावर गुळाचा खडा. कुणाला काय आवडतं हे तिने कधी विचारलेलं मी ऐकलं नाही. दिवस मावळला की ती ओट्यावर उभी राहून हाका मारायची. “शाले ऽऽ, आरं नाना ऽऽ,” मग गडी, मग म्हैस, शेवटी कुत्रं. उसातून, विहिरीवरून, गोठ्यातून ओ यायची आणि मगच ती दिव्याची काच पुसायला बसायची. त्या हाकांत माझं नाव कधीच आलं नाही. तसं कारणही नव्हतं. मी तिच्या मागेच, सोप्यात, पुस्तक घेऊन बसलेली असे.

घरातल्या जेवणाची रीत ठरलेली होती. आधी पाहुणे, मग नाना आणि गडीमाणसं, आणि सगळं आवरलं की सैपाकघरात चुलीपाशी बायकांची मागची पंगत. पंगत कसली, तीन बायका. पण माझ्या लेखी तीच खरी पंगत होती. मी हात धुऊन सोप्यात परत येऊन बसे, आणि दार पुरतं लागत नसल्यामुळे मधल्या फटीतून मला चूल, भिंत आणि जिजीचा गुडघा दिसे. ती भिंतीला टेकून बसे. समोर एकच जर्मनची परात, तिच्यात भाकरी कुस्करलेली, वर तळाची आमटी. त्याच परातीत शालनचा हात. काकी शेजारी ताटली घेऊन.

“सरक की गं जिजे. समदी भित तुलाच आंदन दिलीया व्हय?”

“सटवे, गुडगा काड माज्या बरगडीतनं. घोडी झालीस न् बसायची अक्कल न्हाई.”

“मग घोडीला जरा साय घाल की.”

“घालती तुला साय! आयेस इचार, मांजरानं ठिवलीया का.”

आणि मग तिघींचं हसणं, काकीचं “हळू गं, भायेर पोरगी वाचतीया,” आणि हसणं दाबल्यावर आणखी येणारं हसणं. मांजराने साय ठेवलेली असायचीच. जिजी ती वाटीच्या कडेने बोटाने काढून परातीत शालनच्या बाजूला लोटत असे. भरल्या वांग्याचं देठ, भाताची खरवड, दह्याच्या गाडग्याचा तळ. मला यातलं काही मिळत नसे. मला वरची दाट आमटी, मऊ भाकरी, तुपाची धार. त्यांच्या वाट्याला कधी आमटी संपून नुसती चटणी आणि तेल उरे, तरी त्या चटणीवर त्या इतका वेळ काढत की माझ्या पुस्तकाचं पान उलटायचंच राहून जाई.

आज सांगलीत माझ्या घरी जेवायचं टेबल आहे. सगळे एकदमच बसतो, आणि सून उठून वाढायला लागली तर मीच तिला खाली बसवते. बायकांनी शेवटी, उरलंसुरलं खायचं, या रीतीची भलामण मला करायची नाही. त्या रीतीने कितीजणींच्या अंगावर मांस धरू दिलं नाही, ते मला ठाऊक आहे. पण मी त्या वेळच्या मुलीबद्दल लिहिते आहे, आणि त्या मुलीला त्या परातीतली तळाची आमटी हवी होती. शालनच्या हाताजागी आपला हात असावा, असं तिला रोज वाटे.

शालन माझ्याहून वर्षाने मोठी. सावळी, दणकट, केस तेलाने चप्प बसवलेले. ती वाईट असती तर माझं सोपं झालं असतं. ती मला “म्याडम” म्हणे आणि विहिरीवर नेऊन पायरीवर बसवे. “म्याडम, इंग्लिसमदी म्हन की, हिरीत बेडूक हाय.” मी म्हणून दाखवलं की पोट धरून हसे आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यात म्हशीला तेच वाक्य ऐकवे. तिला जिजी दिवसातून कितीदा टवळे, भवाने, सटवे म्हणत असेल. मला एकदाही नाही. मला ती “बाळ” म्हणे, तेही आवाज उतरवून, देवळात बोलावं तसं. “जेवलीस न्हवं बाळ? गादी रुतत न्हाई न्हवं?” शालन तिला “तू” म्हणे, “जिजे” म्हणे. मला आईने “तुम्ही” शिकवलेलं होतं. मी तोंड उघडलं की वाटेकऱ्याची पोरं “पुस्तकावानी बोलतीया” म्हणून खिदळत, म्हणून मी बोलतच नसे. माझ्या गप्प बसण्याला घरात “लय गुनाची पोर” असं नाव होतं.

एका सुट्टीत मी जिजीसाठी पाचगणीहून स्ट्रॉबेरीच्या जॅमची बाटली आणली. वसतिगृहातल्या मुलीही घरी तीच नेत. जिजीने ती दोन्ही हातांत धरून उजेडात पाहिली. “बया, माणकावानी दिसतंया,” म्हणाली, आणि पदराने पुसून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवून दिली. कुणी पाहुणा आला की ती बाटली खाली येई, त्याला चमचाभर बशीत मिळे, आणि “आमच्या थोरल्याच्या लेकीनं आनलंया” असं सांगितलं जाई. जिजीने ती स्वतः चाखलेली मी पाहिली नाही. त्याच आठवड्यात शालनने चिंच, गूळ, मीठ आणि तिखट कुटून गोळे केले, काडीला लावून एक जिजीला दिला, आणि दात नसलेली जिजी तो ओट्यावर बसून सगळ्यांदेखत चोखत राहिली. “टवळे, दात आंबलं की गं माजं,” म्हणाली. “हायती कुटं तुला दात?” शालन म्हणाली. मी खांबाला टेकून उभी होते. मला त्या काडीचासुद्धा हेवा वाटला.

मी काम मागून पाहिलं नाही असं नाही. चुलीपाशी गेले की काकी धुराने डोळे जळतील म्हणे. शेणाच्या पाटीला हात लावला तर नाना ओरडले, “आगं, तुज्या बानं त्याच्यासाटी पाटवलंय का तुला तिकडं?” एकदा मी न विचारता खरकटी भांडी राखेने घासायला बसले. जिजी आली, माझी दोन्ही मनगटं धरून मला उठवलं, माझे हात घागरीच्या पाण्याने स्वतः धुतले आणि आपल्या पदराने पुसले, बोट न् बोट. “हात काळं व्हतील बाळ. ह्ये हात लिवायचं.” तिचा पदर माझ्या बोटांवर होता तेवढा वेळ मला बरं वाटलं. मग शालन येऊन तीच भांडी घासायला बसली आणि जिजी तिच्याशेजारी टेकून गप्पा मारायला लागली.

जॅम आणला त्याच उन्हाळ्यात एका दुपारी त्या तिघी सोप्यामागच्या पडवीत चिंचा फोडत होत्या. मी आतल्या खोलीत, खिडकीखाली. शालनचं लग्न ठरलं होतं. विट्याकडची माणसं, मुलाचं पार कोईमतूरला सोनं गाळायचं दुकान. तिकडची निम्मी गावं तशीच दूरदूर पांगलेली. चिंचा फोडताना काकी शालनला सासरी कसं वागायचं ते सांगत होती आणि शालन उलट उत्तरं देत होती. मग तिने मधेच विचारलं, “जिजे, तू हितं परत आलीस तवा तुला कसं वाटलं गं?”

जिजीच्या हातातल्या दगडाचा आवाज थोडा वेळ तसाच चालू राहिला. “कसं वाटतंय? भावाचं घर. वैनी लय मायेची. तुजी आजी गं. मला रोज पाट मांडून आदी वाढायची. लोनी, गूळ, समदं. मी आपली सोप्यात बसून एकलीच जेवायची. मानाचा घास लय मोटा आसतोय शाले, घशाखाली उतरत न्हाई. वाटायचं, पावनी म्हून वाढत्यात, तर उद्या गाडी जुपून ‘जा’ बी म्हनतील.”

“मग?”

“मग काय. तुजा थोरला चुलता झाला. वैनी बाळंतिनीच्या खोलीत. चूल माज्याकडं आली. त्या दिशी समद्यांस्नी वाढलं न् मागनं एकलीच चुलीपाशी बसून शिळा तुकडा खाल्ला. काय ग्वाड लागला म्हनून सांगू! तवापास्नं मी हितली.”

काकी काहीतरी म्हणाली, शालनने नाक ओढलं, चिंचा पुन्हा फुटू लागल्या. खिडकीखाली मी हातातलं पुस्तक मिटलं. मी सोप्यात एकटी बसून गिळते तो घास नेमका किती मोठा असतो, हे त्या घरात कुणाला ठाऊक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. जिजीला ते माझ्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. आणि तरी तीच म्हणत होती, तिला आदी वाढा. मला तिचा राग आला. इतका, की संध्याकाळी ती “जेवलीस न्हवं बाळ?” म्हणाली तेव्हा मी नुसती मान हलवली आणि वर पाहिलं नाही.

शालनचं लग्न वैशाखात झालं. मांडव, हलगी, पिपाण्या, लाडवांच्या बुट्ट्या. गाडी निघाली तेव्हा जिजी तिच्या गळ्यात पडून अशी रडली की नानांनी दोघींना धरून सोडवलं. मीही रडत होते, सगळ्याच रडत होत्या. पण गाडी फाट्याकडे वळल्यावर, पदर, रुमाल, नाकं पुसणं चाललेलं असताना, माझ्या मनात काय आलं ते मला नीट आठवतं. भिंतीपाशी जागा झाली, असं आलं.

पुढलं वर्षभर मी पाचगणीला ती जागा मनात बाळगून होते. थंडीत धुकं खिडकीपर्यंत येई, मुली ब्लँकेटात तोंड खुपसून झोपत, आणि मी ओठ न हलवता एक वाक्य पाठ करी. ‘मी मागनं जेवीन.’ पुस्तकातल्यासारखं नाही, ‘मागनं’. कुणी हसणार नाही असं. शाळेच्या नाटकात मला दोन ओळी होत्या, त्यांची मी इतकी तयारी केली नव्हती.

उन्हाळ्यात नानांनी मला आणलं. हातपाय धुतले. पाट, स्टीलचं ताट, चमचा. मी वाक्य जिभेवर आणलं आणि काकीने त्याच वेळी तूप वाढलं. दुसऱ्या दिवशी नानांचे कुणी सोबती आले होते. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, आता इतक्या उशिरा म्हटलं तर विचित्र दिसेल. असे दिवस गेले. दाराच्या फटीतून मी रोज पाहत होते. परात आता नव्हती, जिजी ताटलीत जेवायला लागली होती. बुट्टीतून भाकरी घेई, सवयीने मधोमध मोडे, अर्धी डाव्या बाजूला, शालनच्या बाजूला ठेवे. मग तिच्या लक्षात येई. ती अर्धी उचलून ती पुन्हा बुट्टीत टाकी आणि वर फडकं झाकी. काकी पाहून न पाहिल्यासारखं करी. कोईमतूरला असलेली शालन त्या भिंतीपाशी, मी होते त्यापेक्षा जास्त होती. नसलेल्या माणसाचा हेवा कसा करायचा ते मला कुणी शिकवलं नव्हतं, पण मी तो करत होते. देव्हाऱ्याशेजारी जॅमची बाटली तशीच होती, आता तळाला आलेली.

मग गावची जत्रा आली. पहिला दिवस पुरणपोळीचा, दुसरा मटणाचा. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून गावाकडून कर्णा ऐकू येत होता. अंगणात मोठ्या चुली, त्यांवर हंडे, आमच्या घरी दुपारपर्यंत किती माणसं येऊन जेवून जातील याचा नानांनासुद्धा अंदाज नसे. पावणे येत, राम राम घालत, रश्श्याला नावं ठेवत आणि तोच रस्सा पुन्हा मागून घेत. “आवं पावनं, लाजू नगा, बोकड काय परत चालत जानार न्हाई,” असं नाना ओरडत. त्या दिवशी सकाळी शालन आली. नवरा आणि नणंद बरोबर. लग्नानंतरची तिची पहिलीच जत्रा.

ती बारीक झाली होती. अंगावर जरीचं लुगडं, हातभर चुडा, डोक्यावरून पदर, आणि चालणं असं की पाय जमिनीला विचारून टाकते आहे. काकी धावली, शेजारच्या बायका धावल्या. जिजीने दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं. “काय खाती गं तिकडं?” “भात,” शालन म्हणाली, “निस्ता भात जिजे. सकाळी भात, दुपारी भात. भाकरी सपनात येती.” सगळे हसले, नणंदसुद्धा. मी खांबापाशीच उभी होते. मला वाटलं, झालं. आता ही जाऊन भिंतीपाशी बसणार, परात निघणार, आणि माझं वर्षभराचं वाक्य माझ्यापाशीच कुजणार.

बायकांची पंगत सोप्यात बसली. पावण्या बायका ओळीने, शालनची नणंद मधोमध, कडेच्या पाटावर मी. शालन सवयीने पदर खोचून सैपाकघराकडे वळली होती. तेवढ्यात आतून आवाज आला.

“शालीला बी तितंच बसवा. आदी वाढा तिला. पावनी हाय ती आता दोन दिसाची.”

दर सुट्टीत ऐकलेलं तेच वाक्य. माझं वाक्य. क्षणभर मला इतका आनंद झाला की लाज वाटावी. काकीने माझ्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडला आणि फळीवरून दुसरं स्टीलचं ताट काढलं. शालन दारात उभी राहून म्हणाली, “मी वाढती की गं आये, मागनं बसती,” आणि काकी दात आवळून म्हणाली, “गप बस. नणंद बघतीया. दिल्या लेकीला चुलीपाशी बसवली म्हनतील.” शालन येऊन माझ्याशेजारी बसली. बांगड्या वाजल्या. ताटात मटण आलं, नळी आली, वाटी भरून तांबडा रस्सा, मऊ भाकरी. चमचासुद्धा आला. तिने तो उचलून पाहिला आणि खाली ठेवला.

मी दाराकडे पाहिलं. आज गडबडीत दार सताड उघडं होतं, फटीतून दिसे त्यापेक्षा जास्त दिसत होतं. एवढ्या वर्षांत मी जिजीचा गुडघा पाहिला होता, हात पाहिले होते. “पावनी हाय” असं ती म्हणते तेव्हा तिचं तोंड कसं होतं, ते कधी दिसलं नव्हतं. ती आमच्याकडे पाठ करून चुलीकडे वळली होती. चुलीत पेटवायचं काही नव्हतं, जाळ चांगला चालला होता. तरी ती फुंकणी तोंडाला लावून बसली होती, फुंकत नव्हती. तिच्या गुडघ्यापाशी जर्मनची परात होती. कुणी सांगितल्याशिवाय तिने ती आज बाहेर काढलेली होती.

नणंद म्हणाली, “जेवा की वैनी, निवतंय.” शालनने एक घास मोडला. तो तिच्या बोटांतच राहिला. मग तिने मान न वळवता, ओठ जेमतेम हलवत मला विचारलं, “म्याडम, आदी जेवायला लय वंगाळ वाटतंय गं. तुला रोज असंच वाटायचं?”

मला कुणी हे कधी विचारलं नव्हतं. आईवडिलांनी नाही, शाळेत नाही, जिजीनेही नाही. उत्तर द्यायला गेले तर रडू आलं असतं, आणि पंगतीत रडणं आणखी वाईट दिसलं असतं. वाढल्या ताटावरून उठू नये, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही माहीत असतं. उठलं तर अन्नाचा अपमान, वाढणारीचा अपमान, आणि जत्रेच्या दिवशी तर देवाचाही. मी माझं ताट उचललं. दुसऱ्या हाताने शालनचा दंड धरला. ती आधी समजली नाही, मग समजली, आणि तिनेही ताट उचललं. सगळी पंगत आमच्याकडे पाहत होती. कुणीतरी “आगं आगं” म्हणालं. काकी रश्श्याचं भांडं हातात घेऊन वाटेतच उभी राहिली. “आगं, वाढल्या ताटावरनं उठत्यात व्हय? काय झालं गं? केस निघाला का?” नणंदेचा घास तोंडापाशी थांबला होता. माझे कान असे तापले होते की बाहेरची हलगी मला पाण्याखालून ऐकू येत होती.

सैपाकघराचा उंबरा ओलांडला. धूर डोळ्यांत गेला. जिजीने मागे वळून पाहिलं, आधी शालनकडे, मग माझ्याकडे, मग आमच्या हातांतल्या ताटांकडे, आणि तिचं तोंड रागावण्यासाठी उघडलं. मला उद्देशून ते तसं उघडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. ती काही बोलायच्या आत मी माझं ताट तिच्या परातीत रिकामं केलं, भिंतीपाशी बसले, तिला गुडघ्याने ढोसलं आणि म्हणाले, “जिजे, सरक की जरा. आमी दोगी मागनं जेवतो, तुज्यासंगं.”